भिंतीमागची हवा

लातूर
१८ एप्रिल २०२३

श्री. चन्नबसप्पा हालकुडे यांस,
शरणार्थ.

फोनवर तुम्ही आवाज चढवता, मग मीही चढवतो. म्हणून लेखी कळवतो. उद्या कुणाला दाखवायची वेळ आली तर कागद हातात असावा, हाही हेतू आहेच.

तुमची कन्या आरती न सांगता नांदेडला निघून गेली आहे. ती माझी सून आहे, तशीच माझ्या क्लासेसच्या नव्या इमारतीची आर्किटेक्टही आहे. सून रुसून माहेरी गेली तर मी समजू शकतो. पण काम अंगाशी आल्यावर आर्किटेक्टनं पळून जावं, हे मला समजत नाही.

काय झालं ते तिनं तिच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. आता माझ्या पद्धतीनं ऐका. त्या दिवशी सकाळी जमिनीला हलका धक्का बसला. पंखे हलले, मुलं जिन्यानं खाली आली, थोड्या वेळानं परत वर गेली. लातूरला हे नवं नाही. दुपारी बॅच सुटली तेव्हा गेटवरच्या दर्शनी भिंतीच्या टाइल्स सुटून खाली आल्या. खाली कंधारची मनतशा नावाची विद्यार्थिनी उभी होती. तिच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. टाइल डोक्यावर पडली असती तर हे पत्र मी पोलीस ठाण्यातून लिहीत असतो. मे महिन्यात तिची नीटची परीक्षा आहे आणि तिला हातात पेन धरता येत नाही.

मला काचेची इमारत हवी होती, हैदराबादला असतात तशी. लातूरच्या उन्हात काच म्हणजे भट्टी, असं तुमच्या कन्येनं मला पटवलं. मूळ भिंतीपुढं ॲल्युमिनियमचे चॅनेल बसवू, त्यांवर क्लिपांनी सिरॅमिकच्या मोठ्या टाइल्स टांगू, मध्ये चार बोटं जागा मोकळी ठेवू. ऊन टाइलवर थांबेल, मधली तापलेली हवा वरून निघून जाईल, खालून नवी येईल, वर्ग थंड राहतील. 'हवेशीर भिंत' म्हणे! वर्ग थंड नाहीत, आणि टाइल पोरीच्या खांद्यावर आली. मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं आहे, मला फसवणं सोपं नाही. फसलो, कारण सांगणारी घरातली होती.

तिनं यावं आणि डिझाइनमध्ये चूक झाली असं लिहून द्यावं. पालक रोज गेटवर येऊन विचारतात. पाटीवर नाव माझं आहे, तिचं नाही. तिच्या नवऱ्याचं, सत्यमचंही, हेच म्हणणं आहे.

अमृतराव बिराजदार


नांदेड
२५ एप्रिल २०२३

श्री. अमृतराव यांस,
शरणार्थ.

आरती पळून आलेली नाही. तुमच्या घरी चार पाहुणे जेवायला बसलेले असताना तुम्ही तिच्याकडं बोट करून म्हणालात, 'हिनं माझ्या गेटवर पोरगी मारली असती.' तुमचे चिरंजीव सत्यम शेजारीच होते. त्यांनी आमटी वाढून घेतली. तेवढंच. म्हणून ती आली. आल्यापासून तिच्या आईशी, दानम्माशीसुद्धा ती धड बोलत नाही.

ती काहीही लिहून देणार नाही. मी बांधकाम खात्यात इंजिनिअर होतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीच्या आजूबाजूच्या गावांत माझी नेमणूक होती. भिंत का पडते, हे मला तुमच्या फळ्यावरून शिकायचं नाही. त्यापेक्षा तुम्ही स्वतःला विचारा. प्रवेश सुरू व्हायच्या आत उद्घाटन झालंच पाहिजे म्हणून कुणी घाई केली? निकाल लागला की पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो छापून अख्ख्या इमारतीवर फ्लेक्स कुणी चढवला? त्या फ्लेक्सची चौकट कशाला ठोकली आहे, हे आरतीला विचारून ठोकली होती का?

सून हुशार म्हणून चारचौघांत मिरवलीत. तिच्याकडून घरचं काम म्हणून सगळं करून घेतलंत. आता बोट दाखवायला तीच सापडली.

एक मात्र कळवा. पडल्या त्या टाइल्स कुठल्या ओळीतल्या? गेटलगतच्या खालच्या, की वरच्या मजल्याच्या? इंजिनिअर म्हणून विचारतो.

तुमचं पत्र आरतीला दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही.

चन्नबसप्पा


लातूर
३ मे २०२३

श्री. चन्नबसप्पा यांस,

खालच्या ओळीतल्या. वरची एकही टाइल हललेली नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून मीही बघायचं ठरवलं. टाइल्स बसवणारा फिटर जावेद, त्याला बोलावलं आणि पडलेल्या जागेच्या शेजारच्या टाइल्स माझ्यासमोर उघडायला लावल्या. व्याहीबुवा, मागं हवा नाही! सिमेंटचा माल ठासून भरला आहे. बोट जाणार नाही इतका. गेटच्या बाजूला पहिल्या मजल्यापर्यंत सगळीकडं तेच. मी जावेदला म्हटलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "सर, मला सांगितलं तसं केलं." कुणी सांगितलं म्हटलं, तर हत्यारं पिशवीत भरायला लागला.

म्हणजे नकाशात एक आणि जागेवर एक. मला चार बोटं हवा दाखवली आणि सिमेंट भरलं. ही गोष्ट मी पालकांना सांगू, की आर्किटेक्टच्या कौन्सिलला कळवू? तुम्हीच सांगा, तुम्ही खात्यातले.

त्या मुलीची आई हुसेनबी ऑफिसात येऊन गेली. चहा ठेवला तो तिनं घेतला नाही. मी म्हटलं, आर्किटेक्टची चूक आहे. ती म्हणाली, "तुमची सूनच ना ती?" तुमच्या कन्येमुळं एका शिलाई करणाऱ्या बाईसमोर माझी मान खाली गेली.

मुलगी परीक्षेला बसणार नाही, हे आता पक्कं आहे. वर्ष गेलं तिचं.

हे पत्र आरतीला दाखवा. हिंमत असेल तर.

अमृतराव


नांदेड
१६ मे २०२३

श्री. अमृतराव यांस,

तब्येत बरी नव्हती म्हणून उत्तराला उशीर झाला.

कामगार लोक कसे असतात हे मी नोकरीभर पाहिलं आहे. मालक पुढं गेला की मागं मनाला येईल ते करतात. वेळ वाचवायला त्या जावेदनंच माल भरला असणार आणि आता दुसऱ्यावर ढकलायला बघतो आहे. त्याला धरा. आरतीचं नाव यात घेऊ नका.

यापुढं भिंतीबद्दल मला लिहू नका. आरती हदगावला मैत्रिणीकडं गेली आहे. तिला जरा मोकळं वाटू द्या.

चन्नबसप्पा


लातूर
२९ मे २०२३

आप्पा,

मी हदगावला नाही, लातूरला आहे. तुमच्याशी खोटं बोलून निघाले, त्याचं मला आज काही वाटत नाही.

मला एकदा भिंत स्वतः बघायची होती. अमृतरावमामा गेटवरच भेटले. त्यांनी तुमचं पत्र माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाले, "वाच, तुझ्या बापानं कुणाला धरायला सांगितलंय." जावेद तिथंच होता. त्याच्यासमोर मी ते वाचलं. माल भरायला वेळ जास्त लागतो, आप्पा, कमी नाही. टाइल नुसती क्लिपमध्ये अडकवायची असते. हे तुम्हाला माहीत नाही असं मी समजू?

मी जावेदला बाजूला नेलं. त्यानं आधी हात पुसले. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही वरच्या मजल्याच्या टाइली बघाया हैदराबादला गेलता ना, तवा तुमचे वडील आलते. म्हणले, ही मधली जागा भरून काढ. मी म्हणलो, मॅडम लई रागावतील. तर म्हणले, मी तिचा बाप हाय, सरकारी इंजिनिअर हाय, तिला मी सांगतो. मला वाटलं तुमचं बोलणं झालं असंल."

तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी परत आले तेव्हा तुम्ही मामांच्या ओसरीवर बसून शेंगा खात होतात. काम छान चाललंय म्हणालात.

टाइल क्लिपमध्ये जराशी सैल असते. ती तशीच असावी लागते. उन्हात ती फुगते, थंडीत आकसते. जमीन हलली तर ती चॅनेलबरोबर थोडी हलते आणि जागेवर येते. तुम्ही मागं माल भरून तिला भिंतीशी जखडलंत. तिला हलायला जागा उरली नाही, म्हणून क्लिपांच्या खाचांपाशी तडे गेले. ते तडे मी हातानं तपासले. त्या दिवशीच्या धक्क्यानं फक्त निमित्त केलं. वरच्या टाइल्स, ज्यांना तुमचा हात लागला नाही, त्या आहेत तशाच आहेत.

गच्चीवर गेले तर तिथं दुसरा प्रकार. कबुतरं येतात म्हणून मामांनी वरचं तोंड पत्र्यानं बंद करून टाकलेलं आणि त्यावर फ्लेक्सची चौकट ठोकलेली. म्हणजे खालून हवा शिरायला तुम्ही जागा ठेवली नाही आणि वरून निघायला त्यांनी. वर्ग तापतील नाहीतर काय? मी तसं म्हटलं तर मामा म्हणाले, "तुझ्या नकाशात कबुतरं नव्हती."

तिथून मी कंधारला गेले. मनतशाचे वडील निजामोद्दीन मशीनवर शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मनतशा आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. तिच्या आईला, हुसेनबी खालांना, मी टाइल, क्लिप, माल असं सगळं सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"बाई, भिंतीचं मला काही समजत न्हाई. कुणी केलं ते सांगा."

मी म्हटलं, "काम माझ्या देखरेखीखाली होतं, म्हणून मी. सिमेंट भरायला माझ्या वडिलांनी सांगितलं."

"त्यांना म्हाईत हाय का, माझी लेक पेपरला बसली न्हाई ते?"

"माहीत आहे."

"मग आले न्हाईत?"



मी लिहून देणार आहे. मामांना हवं तसं नाही, झालं तसं. त्यात माझं नाव असेल, तुमचं असेल आणि मामांचंही असेल. खालच्या सगळ्या ओळी उतरवून मी नव्यानं लावणार आहे. ते होईपर्यंत तुम्ही दोघांनीही तिथं पाय ठेवायचा नाही. मी औसा रोडला खोली घेतली आहे. मामांच्या घरात राहणार नाही आणि नांदेडलाही येणार नाही. आईला सांगा, माझे कपडे सत्यम येऊन घेऊन जाईल. त्याला निरोप पाठवला आहे, त्याच्याशीही मी अजून बोललेले नाही.

आरती


नांदेड
८ जून २०२३

चि. आरती,

बापाचं नाव तू परक्याच्या दारात घेतलंस. घेतलंस ते घेतलंस, वर कागदावर लिहून देणार आहेस. तुला शिकवताना हे डोक्यात नव्हतं.

आता माझं ऐक. मग काय लिहायचं ते लिही.

किल्लारीकडच्या भिंती तू पुस्तकात पाहिल्यास. मी त्या उपसल्या आहेत. बाहेरून दगडाची एक भिंत, आतून एक, मध्ये माती आणि चिपा. दोन्हींना धरून ठेवणारा लांब दगड कुठंच नाही. जमीन हलली तशा दोन्ही एकमेकींपासून सुटल्या. एक घरात पडली, एक गल्लीत. घरात झोपलेले घरात गेले, धावत बाहेर आले ते गल्लीत गेले. एका घरात पाळणा तसाच टांगलेला होता आणि खाली सगळा दगड. त्या घरातली म्हातारी मला विचारत होती, साहेब, बाहेर पळाले असते तर वाचले असते का? मी हो म्हटलं. तिची सून बाहेरच सापडली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

तू मला नकाशा दाखवलास तेव्हा फार खुशीत होतीस. मला दिसलं ते वेगळंच. एक भिंत, पुढं दुसरी भिंत, मध्ये पोकळ. आणि खाली लेकरं उभी राहणार, रोज, शेकड्यानं. लातूरला. दुसरीकडं कुठं असतं तर कदाचित मी गप्प राहिलो असतो. जिथं माणसं उभी राहतात तेवढा भाग मी भरून घेतला. वरचं तुझं तुझ्याकडं ठेवलं.

तुला विचारलं असतं तर तू आकृती काढून दाखवली असतीस आणि मला गप्प बसावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही.

मी चुकलो असं लिहिणार नाही. मी भरलेलं पडलं, हे खरं. पण तसा नकाशा परत पुढं आला तर माझा हात थांबेल असं मला वाटत नाही. आणि या वयात कुणाच्या दारात उभं राहायला जाणं मला जमणार नाही. अमृतराव गेले का? त्यांना नाही विचारलंस ते.

तुझी आई जेवत नाही. तेवढं तरी बघ.

आप्पा


लातूर
१५ जून २०२३

आप्पा,

आईला मी फोन केला होता. ती जेवते आहे.

किल्लारीचं तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतंत. मी विचारलं की म्हणायचात, कामं केली, घरं बांधून दिली. पाळण्याचं मी दोनदा वाचलं. त्यापुढं मात्र राग जास्त आला. त्या भिंतींना धरून ठेवणारा दगड नव्हता, म्हणून त्या सुटल्या. माझ्या भिंतीत तो दर हातभर अंतरावर आहे. ॲल्युमिनियमचा आहे, एवढंच. तुम्ही मला विचारलं असतं तर तुम्ही गप्प बसला नसतात, तुमची भीती गेली असती. माझी आकृती तुम्हाला पटेल याचीच तुम्हाला धास्ती वाटली. आपल्या लेकीला आपल्यापेक्षा काही जास्त समजतं, हे जावेदसमोर कबूल करण्यापेक्षा तुम्ही गुपचूप माल कालवायला लावलात.

कंधारला का गेला नाहीत, हे मी मामांनाही विचारलं आहे. ते तुमचंच उत्तर देतात. म्हणतात, चन्नबसप्पा गेले का?

हुसेनबी खालांना मी तुमच्या वतीनं काही सांगणार नाही. मला आता पत्र पाठवू नका.

आरती


लातूर
२१ ऑगस्ट २०२३

श्री. चन्नबसप्पा यांस,
शरणार्थ.

तुम्हाला लिहायची इच्छा नव्हती. पण एक गोष्ट तुम्हाला कळवल्याशिवाय माझ्या डोक्यातून जाणार नाही.

आधी नुकसान सांगतो. तुमच्या कन्येनं लिहिलेला कागद आमच्या नोटीस बोर्डावर लागला. माझ्याच बोर्डावर. खाली तिची सही, आत आपल्या तिघांची नावं आणि कुणी काय केलं ते. काही पालकांनी मुलं काढून नेली. सत्यम तिच्याकडं राहायला गेला. कसं जमवलं ते त्याचं त्याला माहीत. केमिस्ट्रीचा तास घ्यायला येतो, फळा पुसतो आणि घराकडं न फिरकता निघून जातो. त्याची आई गॅलरीतून बघत राहते. हे सगळं तुमच्या चार घमेली सिमेंटमुळं.

भिंत झाली. खालच्या सगळ्या टाइल्स उतरवून, माल खरवडून तिनं नव्या लावल्या. माझा फ्लेक्स उतरवला. पत्रा काढून कबुतरांसाठी जाळी बसवली. मला तिनं आत येऊ दिलं नाही. माझ्या इमारतीपुढं मी रस्त्यावर उभा राहत होतो आणि पोरं मला 'सर, इथं का?' म्हणून विचारत होती. दुपारच्या बॅचला आतून भिंतीला हात लावला तर आता चटका बसत नाही. हे मी तिला बोललेलो नाही. तुम्हीही बोलू नका.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते. मनतशा आणि तिची आई कागदपत्रं न्यायला आल्या होत्या. हाड जुळलं आहे, पण हात पूर्ण वर जात नाही. परत वर्षभर तयारी करणार, दुसऱ्या क्लासला. मी म्हटलं, इथंच बस, मी स्वतः लक्ष घालतो. हुसेनबी म्हणाली, "नको सर. तिला त्या गेटातून जायाला नको वाटतंय." भिंत नवी केली आहे म्हटलं. तर म्हणाली, "आसंल."

मग निघता निघता म्हणाली, "नांदेडचे एक जण आलते. तुमच्या सुनेचे वडील."

मला खरंच वाटेना. म्हटलं, "काय म्हणाले?"

"दारातच उभे राहिले. आत या म्हणलं तर आले न्हाईत. म्हणले, सिमेंट मी भराया लावलं. उन्हात तसेच उभे. मह्या मालकानं मशीन थांबवली तरी बोलनात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? माफ केलं म्हणले न्हाई मी. केलंच न्हाई तर कसं म्हणू? पाणी दिलं. पिऊन गेले."

मी तिच्यासमोर कागदांवर शिक्के मारत होतो. तिनं ते उचलले, पिशवीत घातले आणि म्हणाली, "तुम्ही न्हाई आलात, सर." भांडणाच्या सुरात नाही. नुसतं सांगितल्यासारखं. मनतशा शेजारीच होती. तिनं मान खाली घातली. तिला माझी लाज वाटली, चन्नबसप्पा. जिचा खांदा माझ्या गेटवर मोडला, ती माझ्यासाठी ओशाळली.

आरतीला मी हे सांगितलं, कारण तुम्ही सांगितलं नसणार हे मला माहीत होतं. ती परांचीवर चढून शेवटच्या ओळी तपासत होती. तोंड भिंतीकडं करून उभी राहिली. मग खाली उतरली आणि जावेदला म्हणाली, आज बास. तुम्हाला पत्र लिहील की नाही, ते मला विचारू नका.

तुम्ही माझ्याआधी गेलात, याचा मला राग आला आहे. तुम्ही गेला नसतात तर मीही गेलो नसतो आणि आपण दोघं एकमेकांकडं बोट दाखवत सुखानं बसलो असतो. आता मला जावं लागेल, आणि गेलो तरी दुसरा म्हणूनच जाणार.

येत्या सोमवारी सकाळच्या एस.टी.नं मी कंधारला चाललो आहे. तिथून नांदेड जवळ आहे, हे मला माहीत आहे. मी तुमच्याकडं येणार नाही. विहीणबाईंना तसं सांगून ठेवा.

अमृतराव